लाल टिकल्या कुणाच्या

“एवढ्या लाल? कुणी लावल्या ह्या?”

उपाध्ये सर पाण्याच्या फिल्टरशेजारच्या भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभे होते. त्यांचा आवाज मुळातच असा, की ते नुसते ‘चहा सांग’ म्हणाले तरी समोरचा आधी उठून उभा राहायचा आणि मग काय म्हणाले ते आठवायचा. आम्ही सगळे आपापल्या जागी होतो. कुणी एकदम की-बोर्ड बडवायला लागलं, कुणी न वाजलेला फोन कानाला लावला.

“मी काय विचारतोय? कुणाच्या ह्या?”

 सरांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि ते केबिनमध्ये निघून गेले. दार लागल्यावर माझ्या शेजारी बसलेली नाझनीन खालच्या आवाजात म्हणाली, “आता शोधणार बघ. एकेकाला आत बोलावून विचारणार.”

ही गोष्ट सात-आठ वर्षांपूर्वीची. डोंबिवलीची मी लग्न करून कोल्हापुरात आले आणि शिरोलीच्या एमआयडीसीत उपाध्ये सरांच्या कंपनीत लागले. आम्ही गावोगावच्या डेअऱ्यांसाठी यंत्रं करायचो. गवळ्यानं आणलेलं दूध यंत्रात ओतलं की वजन, फॅट आणि दर दिसायचा आणि चिठ्ठी बाहेर यायची. यंत्राचे लोखंडी भाग खालच्या शेडमध्ये व्हायचे. यंत्राच्या स्क्रीनवर काय दिसावं, कुठलं बटण कुठं असावं, हे वरच्या मजल्यावरची आमची सहा-सात जणांची टीम ठरवायची. तिचं काम मी बघायचे आणि चित्रं नाझनीन शिकलगार काढायची.

आमची एक पद्धत होती. नाझनीननं नवीन स्क्रीन काढली की तिचा मोठा कागद छापून भिंतीला लावायचा. खाली एक पत्र्याची डबी टांगलेली, तिच्यात चिकटवायच्या लाल आणि हिरव्या कागदी टिकल्या. ज्याला जे चालतंय तिथं त्यानं हिरवी लावायची, जे अडतंय तिथं लाल. शेडमधला फिटर असो की हिशेबाची शुभदा, येता-जाता कुणीही लावावी. कुणी लावली हे विचारायचं नाही, हा नियम. शनिवारी लाल जास्त असतील तर ती गोष्ट रद्द. मालकाची असली तरी रद्द. नियम खुद्द सरांनीच केलेला होता आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. बाहेरचा पाहुणा आला की त्याला आधी भिंत दाखवायचे, मग चहा.

त्याच सरांनी आज नियम मोडून ‘कुणी लावल्या’ विचारलं होतं. माझा स्वभाव आधीच भोचक. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी अवेळी झाली तरी मला ‘का बरं’ असं वाटतं. त्यामुळे मी उठले, बाटली भरायचं निमित्त केलं आणि भिंत नीट बघितली.

लाल टिकल्या सगळ्या एकाच जागी होत्या, रडक्या तोंडावर.

आता हे तोंड काय ते सांगते. आमच्या नव्या यंत्राला मोठी स्क्रीन येणार होती, रांगेतल्या सगळ्यांना दिसेल अशी. एका मोठ्या दूध संघाला ही यंत्रं गावोगाव बसवायची होती. संघाचे चेअरमन आमच्याकडे बैठकीला आले तेव्हा बोलता बोलता सर म्हणून गेले, “फॅट चांगली लागली की स्क्रीनवर हसरं तोंड दाखवायचं, कमी लागली की रडकं. वाचता येत नसलं तरी कळतंय.” चेअरमननी टेबलावर थाप मारली. “हे भारी काढलंसा बघा! चारचौघांत तोंड रडकं दिसलं की पाणी घालायचं आपोआप बंद होतंय.” सगळे हसले. सरांची पाठ थोपटली गेली.

हसली नाही ती फक्त नाझनीन. तिनं तिथंच सांगितलं, “सर, फॅट उतरली म्हणजे पाणीच घातलंय असं नसतंय. चारा बदलला, म्हैस आजारी पडली तरी उतरते. आणि तांब्याभर दूध घेऊन आलेल्या बाईला सगळ्यांसमोर रडकं तोंड दाखवायचं?”

“नाझनीन, तू चित्र काढ,” सर म्हणाले. पाहुण्यांसमोर, आणि त्यांच्या त्या आवाजात.

तिनं चित्र काढलं. उत्तम काढलं, कारण वाईट काम तिला जमतच नाही. गोल चेहरा, खाली वळलेले ओठ, डोळ्यांशी एक थेंब. कागद भिंतीला लावून ती मला म्हणाली, “हे जर यंत्रावर गेलं तर मी राहत नाही बघ वृषाली. हैदराबादहून बोलावणं आलंय मला, माहीत आहे ना तुला? मी जातो.”

कोल्हापुरातल्या मुली ‘मी आलो, मी जातो’ म्हणतात याची मला तोवर सवय झाली होती. पण हे ‘जातो’ वेगळं होतं. टीममध्ये तिच्यासारखी दुसरी नव्हती, आणि त्या परक्या गावात माझी मैत्रीणही तीच होती.

भिंतीच्या नियमानं तोंड कधीच रद्द झालं असतं. पण यावेळी भिंत चालणार नव्हती. आमची अर्धी टीम पुण्याला बसायला लागली होती. ती मंडळी म्हणायची, तुमची भिंत आम्हाला दिसत नाही. चेअरमनही म्हणाले, मला माझ्या ऑफिसातून बघता आलं पाहिजे. म्हणून असं एक सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं, ज्यात सगळ्यांना आपापल्या कॉम्प्युटरवर एकच चित्र उघडता येईल आणि तिथंच मत देता येईल. कुठलं घ्यायचं ते मी ठरवायचं होतं. शनिवारी संघाची मंजुरी त्याच सॉफ्टवेअरमध्ये होणार होती.

दोन सॉफ्टवेअर आठवडाभर वापरून बघायला मिळाली होती. त्यांच्या चिन्हांच्या रंगावरून आम्ही एकाला निळं आणि दुसऱ्याला पिवळं म्हणायचो. निळं झकास होतं. चित्र उघडलं की त्यावर प्रत्येकाचा एकेक बाण फिरताना दिसायचा आणि बाणाच्या शेपटाला ज्याचं त्याचं नाव. पहिल्या दिवशी तर आम्ही लहान पोरांसारखे एकमेकांच्या बाणाचा पाठलाग करत बसलो होतो. काही लिहिलं की लिहिणाऱ्याचं नाव आपोआप खाली. पिवळं जरा मंद होतं, मोठं चित्र उघडताना दम खायचं. पण त्यात नाव न दाखवता लाल-हिरवं मत देता यायचं, आमच्या भिंतीसारखं.

मी तोंडाचं तेच चित्र दोन्हींत टाकलं आणि सगळ्यांना मतं द्यायला सांगितलं. निळ्यात धडाधड मतं आली. ‘छान’, ‘मस्त कल्पना सर’, एकदोन अंगठे. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही, नाव दिसत असल्यावर कोण लाल लावणार? पण पिवळ्यातही हिरवंच आलं! दोन-तीन लाल, बाकी सगळं हिरवं. आणि इकडे भिंतीवर त्याच तोंडाला गोवर आल्यासारख्या लाल टिकल्या.

माणसं तीच, चित्र तेच. मग भिंतीवर हे कोण रागावलंय? मला ते काही केल्या स्वस्थ बसू देईना.

मी आधी शुभदाला गाठलं. ती डबा उघडून बसली होती.

“पिवळ्यात काय लावलंस गं?”

“हिरवं.”

“खरंच आवडलंय तुला ते तोंड?”

“शी, नाही. पण नाव दिसत नाही म्हणतात आणि मालकाला दिसतच असतंय सगळं. मी कशाला नस्ती भानगड ओढवून घेऊ?”

“मग भिंतीवर लाल तुझी?”

“एक,” ती कुजबुजली. “एकच. तीपण सगळे जेवायला गेल्यावर.”

शेडमधल्या अण्णाप्पाला विचारलं, तर त्यानं सरळ हात वर केले. “मी न्हाई बा. मी हिरवी लावली. हसरं तोंड बघून लावली, शेजारी रडकं हाय ते दिसलंच न्हाई मला.” आणखी दोघांनी एकेक लाल कबूल केली. बाकीच्यांनी हिरवी, नाहीतर काहीच नाही. सगळ्यांच्या लाल एकत्र केल्या तरी त्या तोंडाचा एक गाल झाकला नसता. म्हणजे कुणीतरी एकटाच मुठीनं लावत होता.

मग माझी शंका जिथं जायची तिथं गेली. दुपारी चहाला मी नाझनीनला म्हटलं, “एक विचारू? रागावू नकोस. त्या सगळ्या तूच लावल्यास ना?”

तिनं कप खाली ठेवला. “मी? मी कशाला चोरून लावू? मी तर तोंडावर बोललो की सगळ्यांसमोर. त्या दिवशी तुम्ही कुणी तोंड उघडलं नाहीसा, आणि आता मला विचारालीस?”

बोलणं झोंबलं, कारण खरं होतं. मी ‘सॉरी’ म्हटलं. ती उरलेला चहा तसाच टाकून गेली. त्या दिवशी पहिल्यांदाच ती घरी जाताना माझ्यासाठी थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचले आणि भिंतीपाशी गेले. लाल टिकल्या आणखी वाढल्या होत्या. डबी उघडून बघितली तर आतल्या लाल टिकल्यांना फारसा हात लागलेला नव्हता. एक टिकली नखानं काढली, डबीतल्या टिकलीशेजारी धरली. डबीतली गुळगुळीत, चकचकीत, लहान होती. ही मोठी, मखमली, लालपेक्षा जरा गडद. इतके दिवस आम्ही सगळे पाणी प्यायला तिथं उभे राहत होतो आणि कुणाच्याही हे लक्षात आलं नव्हतं. टिकल्या लावणारा घरून आणत होता.

ऑफिसात मखमली टिकली लावणारं कुणी नव्हतं. शुभदाची टिकली एवढीशी काळी, माझी असली तर असली. पुरुष मंडळींचा तर प्रश्नच नाही, असं मला वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. उपाध्ये सर.

“वृषाली, कंबर धरलीय माझी. उठवत नाही. लॅपटॉप घेऊन घरी ये आणि ते दोन्ही काय आहे ते मला दाखव. परवा शनिवार आहे.” मग जरा थांबून, “आणि काय गं, त्या पिवळ्यात नाव खरंच दिसत नाही?”

“नाही दिसत, सर.”

“कुणालाच? मला पण नाही?”

“तुम्हाला पण नाही.”

“हं,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. माझी खात्रीच झाली. सरांना लाल लावणारा पकडायचा होता. मी रिक्षात बसतानाच ठरवून टाकलं की पिवळं घ्यायचं. मंद तर मंद, कुणाच्या पोटावर पाय तर येणार नाही.

सरांचं घर रुईकर कॉलनीत. दार काकूंनी उघडलं. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. ठेंगण्या, गोऱ्या, हसऱ्या. “ये ये, वृषाली ना तू? ह्यांनी सांगितलंय. चप्पल राहू दे गं आत,” असं त्या म्हणत होत्या आणि मी उंबऱ्यातच उभी राहून त्यांच्या कपाळाकडे बघत राहिले. मोठी, मखमली, गडद लाल टिकली.

“काय बघालीस?” त्यांचा हात कपाळावर गेला. “वाकडी लागलीय काय?”

“नाही काकू. छान दिसतेय. कुठं मिळते ही?”

“मिळत्यात की महाद्वार रोडला. पण घरात एक पाकीट टिकंल तर शपथ! ह्यांनीच पळवालेत.”

“कुणी? सरांनी?”

“मग काय! परवा आरशापुढचं पाकीट गायब. मी सगळं घर पालथं घातलं. शेवटी म्हणतात कसे, ऑफिसला लागतंय. म्हटलं, ऑफिसात टिकल्या लावून बसतासा काय?”

मला हसू फुटलं आणि तिथंच अर्ध्यावर विरलं. आतल्या खोलीत दिवाणावर सर पालथे पडले होते, कमरेवर गरम पाण्याची पिशवी. मधलं दार सताड उघडं होतं.

“ऐकलंस?” त्यांनी मान न वळवता विचारलं.

“ऐकलं.”

“कुणाला सांगितलंस?”

“अजून कुठं सर? आत्ता तर कळलंय मला.”

ते हळूहळू, कण्हत उठून बसले. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन खुर्चीत बसले आणि कुठून सुरुवात करावी ते मला कळेना. शेवटी माझा भोचकपणाच पुढं झाला. “सर, पण तुम्हीच तर ओरडत होता, कुणी लावल्या म्हणून!”

“ओरडत कुठं होतो? विचारत होतो. वाटलं, कुणीतरी उठेल आणि म्हणेल, मी लावलीय, मला हे पटत नाही. मग मी म्हणालो असतो, बरोबर आहे तुझं. विषय संपला असता. एकानं तोंड उघडलं नाही.”

“सगळे घाबरले, सर. तुमचा आवाज...”

“आवाजाला काय झालं?” हे त्यांनी एवढ्या जोरात विचारलं की काकू स्वयंपाकघरातून ‘काय झालं, काय झालं’ करत बाहेर आल्या. सरांनी मान खाली घातली. काकू हसत परत गेल्या.

“तुम्हाला ते तोंड नकोय?”

“नको.”

“मग नको म्हणा ना सरळ. तुमची कंपनी, तुमची कल्पना.”

“कुणाला म्हणू? चेअरमनसमोर मीच बोलून बसलोय. एवढ्या लोकांत त्यांनी पाठ थोपटली. नाझनीनला मीच गप्प बसवलं. आता कुठल्या तोंडानं सांगू की चुकलं? भिंतीनं नको म्हटलं असतं तर सांगता आलं असतं, आमची माणसं नको म्हणतात, माझा नाइलाज आहे.” ते कमरेवर हात ठेवून सरळ व्हायला बघत होते. “आता भिंतच राहणार नाही म्हणतायत. म्हणून तुला विचारत होतो. पिवळ्यात नाव दिसत नाही, बरोबर?”

“बरोबर.”

“आणि मत? चार-पाच देता येतात?”

“सर! एका माणसाला एकच.”

“हां,” ते निराश होऊन म्हणाले. “तिथंच अडलं.”

एवढा मोठा माणूस, सगळी एमआयडीसी ज्याला वचकून असते, तो बायकोच्या टिकल्या खिशात घालून सगळे घरी गेल्यावर ऑफिसात मागं थांबतो आणि स्वतःच्याच कल्पनेवर चिकटवून पळतो. मला फार हसू आलं आणि त्याच वेळी त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की सांगता येत नाही.

“पण तुम्हाला ते का नको, सर? नाझनीन म्हणाली म्हणून?”

“नको म्हणजे नको,” ते म्हणाले आणि खिडकीकडे बघू लागले. “दाखव तुझं ते.”

मी दोन्ही दाखवली. पिवळं उघडायला वेळ घेत होतं, तोवर काकूंनी पोहे आणून दिले. निळ्यात मी माझा बाण फिरवून दाखवला. त्यांनी स्वतः माउस धरला तशी त्यांच्या बाणाला ‘अभय उपाध्ये’ अशी शेपटी फुटली. ते बराच वेळ तो बाण नुसताच इकडून तिकडं फिरवत राहिले.

“सर, मी निळं घेते,” मी म्हणाले. ऑफिसातून निघताना पिवळं ठरवून आले होते, आणि माझ्याच तोंडून हे कसं आलं ते मलाही नवल वाटलं.

“निळ्यात नाव दिसतंय की.”

“म्हणूनच. तुमच्या मूठभर टिकल्यांनी काही झालं नाही सर. आणि पिवळ्यात तर तुम्हाला एकच मिळणार, तीसुद्धा बिननावाची. निळ्यात तुमच्या नावानं एक ओळ पुरेल.”

सरांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मी निघाले तेव्हा काकू दारापर्यंत आल्या आणि माझ्या हातात टिकल्यांचं एक कोरं पाकीट ठेवून म्हणाल्या, “हे ऑफिसला ने. आणि ह्यांना सांग, माझं राहू दे म्हणावं.”

मी नाझनीनला काही सांगितलं नाही. जिभेच्या टोकावर आलेलं गिळलं, मोठा पराक्रम होता माझ्यासाठी. फक्त एवढंच सांगितलं की निळं घेतोय. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या हैदराबादच्या गाडीला हिरवा झेंडा दाखवलाय.

शनिवारी सकाळी दहाला सगळ्यांनी चित्र उघडलं. एकाच खोलीत बसलेले आम्ही, पण प्रत्येकजण आपल्या कॉम्प्युटरकडे बघत होता आणि खोलीत माउसच्या टिकटिकीशिवाय आवाज नव्हता. सर कमरेला पट्टा बांधून आले होते आणि काचेच्या केबिनमध्ये उभ्यानंच काम करत होते. त्यांचा बाण चित्रावर दिसत नव्हता.

एकेक बाण यायला लागला. पुण्याची मंडळी आली. शुभदा आली. अण्णाप्पा माझ्या खुर्चीमागं येऊन उभा राहिला. मग एक बाण अडखळत, धक्के खात आला, त्याच्या शेपटीला ‘चेअरमन’ असं नाव. तो हसऱ्या तोंडाभोवती एक चक्कर मारून रडक्यापाशी थांबला.

‘छान,’ पुण्याहून कुणीतरी लिहिलं. ‘मस्त,’ दुसऱ्यानं. शुभदानं अंगठा टाकला आणि माझ्याकडे न बघता खाली मान घातली. नाझनीनचा बाण चित्राच्या एका कोपऱ्यात गुपचूप उभा होता. मी हळूच तिच्याकडे बघितलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. निळं घेऊन मी चूक केली असं मला तेव्हा अगदी आतून वाटलं. केबिनकडे बघितलं तर सर स्क्रीनकडे एकटक बघत होते.

तेवढ्यात अण्णाप्पा पुटपुटला, “आलं बघा मालक.”

‘अभय उपाध्ये’ हा बाण चित्रावर आला. घाई नाही, काही नाही. सरळ रडक्या तोंडावर गेला. लिहायची चौकट उघडली. तिच्यात थोडा वेळ काहीच उमटलं नाही. मग अक्षरं दिसायला लागली. सर दोन बोटांनी टाइप करायचे, त्यामुळे प्रत्येक शब्दाला वेळ लागत होता आणि आम्ही सगळे, पुण्याचे, संघातले, इथले, एकेक शब्द येईल तसा वाचत होतो.

‘ही कल्पना माझी आहे. चुकीची आहे. नाझनीन बरोबर बोलली होती. माझी आई डेअरीत दूध घालायला जायची. एकदा फॅट कमी लागली, तर सचिवानं सगळ्या रांगेसमोर विचारलं, आक्काताई, पाणी कुठल्या विहिरीचं? सगळे हसले. मी आठवीत होतो. तिच्याशेजारी उभा होतो. मी पण हसलो. त्यानंतर आई कधी डेअरीला गेली नाही.’

खाली आपोआप त्यांचं नाव आलं.

मी हात तोंडावर ठेवला.  चित्रावरचे सगळे बाण जिथल्या तिथं थांबले होते. मग केबिनमधला फोन वाजला. काचेतून आम्हाला दिसत होतं, सर उभ्यानं ऐकत होते. दार अर्धवट उघडं होतं आणि त्यांचा आवाज, जो शेडपर्यंत जायचा, तो आम्हाला जेमतेम ऐकू येत होता. “हो साहेब... नाही, गेली ती, बरीच वर्षं झाली... हो... तुमच्या पण?”

नंतर ते बराच वेळ नुसते ऐकतच होते.

फोन ठेवून ते बाहेर आले. नाझनीनच्या टेबलाशी उभे राहिले. डोळे लाल होते आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

“संघाला चालतंय,” ते म्हणाले. “तोंडं दोन्ही काढून टाक. हसरं पण नको. फॅट फक्त चिठ्ठीवर, ज्याची त्याला कळू दे.”

“मोठ्या स्क्रीनवर काय घालू मग, सर?”

“नाव घाल. नाव आणि किती लिटर. आपलं नाव मोठ्या अक्षरात बघायला माणसाला बरं वाटतं.” ते जरा घुटमळले. “त्या दिवशी मी तुला पाहुण्यांसमोर तसं बोलायला नको होतं.”

“असू दे, सर,” नाझनीन म्हणाली.  तिनं स्क्रीनकडे तोंड वळवलं. रडकं तोंड पुसलं, मग हसरं पुसलं. तिथं पांढरी मोकळी जागा उरली. नमुन्याला एखादं नाव घालावं लागतं, त्याशिवाय अक्षर किती मोठं ठेवायचं ते ठरत नाही. एरवी ती स्वतःचंच घालायची.

सर केबिनमध्ये परत गेले आणि आपल्या कॉम्प्युटरपुढं उभे राहिले. त्याच वेळी त्या मोकळ्या जागेत नाझनीनची ठळक अक्षरं उमटायला लागली. ‘आक्काताई उपाध्ये, साडेतीन लिटर.’

चेअरमनचा बाण थोडा वेळ तिथं थांबून निघून गेला. पुण्याची मंडळी गेली. मीही चित्र बंद करायला माउस उचलला, तेव्हा सरांचा बाण हळूहळू सरकत त्या नावापाशी आला आणि तिथंच राहिला.